हवा हुंगणारी डबी

माझं नाक गेलं ते साथीच्या तापात. ताप उतरला, तोंडाची चव हळूहळू परत आली, वास मात्र आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, घाई करू नका. मी घाई केलेली नाही, वासानेही केलेली नाही. समोर मोगऱ्याचा ढीग घेऊन गजरे ओवत बसते आणि मला तो मोगरा नि चिरलेला कोबी सारखाच. दूध करपलं तर भांडं काळं झाल्यावर कळतं. लोक म्हणतात, नाकच ना, डोळे तर शाबूत आहेत. त्यांना काय सांगायचं. घरात गॅस सुटलाय का, डाळ विटली का, नवरा बाहेरून काय खाऊन आलाय, हे बाईला आधी नाक सांगतं. ते गेल्यापासून मी प्रत्येक गोष्टीवर संशय घेते. आधी घेत नव्हते असं नाही, आता जास्त घेते.

म्हणून मुलाने हवा हुंगणारी डबी आणली तेव्हा पहिला संशय मी त्या डबीवरच घेतला.

आम्ही वसईजवळच्या उमेळ्याचे. घरामागे वाडी आहे. केळी, नारळ, थोडी सुपारी, कुंपणाला जास्वंद आणि मधे बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, ज्याच्या पाण्यावर सगळं शिंपलं जातं. पूर्वी आजूबाजूला अशाच वाड्या होत्या. आता एका बाजूला इमारत झाली आहे, पश्चिमेच्या बाजूला व्हायची आहे, आणि मधे आम्ही. वाडी आमच्या ह्यांच्या हातची. ह्यांनी नोकरी केली, नाही असं नाही, पण डबा घेऊन जायचं नि डबा घेऊन यायचं एवढीच. माणूस खरा राहायचा तो केळींत. निवृत्त झाल्यावर लोक विचारायचे, आता वेळ कसा घालवता. ह्यांना तो प्रश्नच कळायचा नाही.

मुलगा आणि सून माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या वरच फ्लॅटमध्ये राहतात. गेल्या पावसाळ्यानंतर ह्यांना धाप लागायला लागली. बावखलापर्यंत जायचं तर मधे सुपारीला टेकून उभे राहायचे आणि मला बघताना पाहिलं की उगाच वर बघत सुपाऱ्या मोजल्यासारखं करायचे. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, फुप्फुसं नाजूक झालीत, जपा. धूर नको, धूळ नको, देवापुढे उदबत्तीसुद्धा नको. झालं, मुलाने धोशा लावला. आई, बाबांना घेऊन इकडे या. मी म्हटलं, वाडी सोडून रिक्षा स्टँडच्या डोक्यावर येऊन श्वास घ्यायचा का. तर म्हणतो, "वाडीतली हवा चांगली आहे हे तुला काय माहीत, आई? तुला तर वाससुद्धा येत नाही."

ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

पुढच्या रविवारी तो दोन डब्या घेऊन आला. पांढऱ्या, आपल्या मिसरीच्या डबीपेक्षा थोड्या मोठ्या, खाली जाळी, पुढे एक बारीक दिवा. एक उघडून त्याने मला आत दाखवली. शर्टाच्या गुंड्या असतात ना, तेवढ्या तेवढ्या चकत्या बसवलेल्या. त्यांना सेन्सर म्हणतात. एक चकती गाड्यांच्या धुरातला वायू ओळखते, एक ओझोन ओळखते, आणि एक कार्बन मोनॉक्साइड, जो काहीही अर्धवट जळलं, धुमसलं की निघतो आणि ज्याला वासच नसतो. "म्हणजे धडधाकट नाकवाल्यांनाही तो कळत नाही," मुलगा म्हणाला. मला जरा बरं वाटलं. पूर्वी हे काम करायला खोलीएवढं यंत्र लागायचं, आता हे एवढ्यात मावतं. हवा चांगली तर दिवा हिरवा, मधली तर पिवळा, वाईट तर लाल, आणि आकडे त्याच्या मोबाइलवर जातात.

"चुकत नाही का कधी?" मी विचारलं.

"चुकते. दमट हवेत चुकते, आणि कधी कधी एका चकतीला भलत्याच वायूचा भास होतो."

"म्हणजे माझ्यासारखीच संशयी आहे."

तो हसला, पण बोलायचं ते बोलला. एक डबी इथे लावू, एक माणिकपूरच्या गॅलरीत. उन्हाळ्यापर्यंत बघू. वाडीची हवा वाईट निघाली तर तुम्ही दोघांनी मुकाट्याने यायचं. चांगली निघाली तर मी परत हा विषय काढणार नाही. मी लगेच हो म्हटलं. वाडी विरुद्ध रिक्षा स्टँड, ह्यात हरायचं काय होतं? आमचे हे शेजारी बसून केळीच्या बुंध्याच्या सुक्या सोपटाच्या दोऱ्या काढत होते. ते हो म्हणाले नाहीत नि नाही म्हणाले नाहीत. फक्त डबी कुठे लावायची ह्यावर बोलले. "फाटकाशी लाव. रस्त्याच्या बाजूला." मी म्हटलं, वा, म्हणजे येणारी-जाणारी प्रत्येक मोटारसायकल आपल्या नावावर. मागच्या पडवीत लावायची, वाडीकडे तोंड करून. आणि तिथेच लावून घेतली.

आता सुकेळीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुकेळी म्हणजे राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, उन्हात सुकवलेली. आमच्या वसईत ती पिढ्यान्‌पिढ्या होते. ऊन काय, कुणाच्याही अंगणात पडतं. खरी कला आहे ती केळी पिकवण्यात. वाडीच्या पश्चिमेच्या टोकाला आमची एक छोटी खोली आहे. तिच्यात घड रचायचे, खाली-वर सुकी पानं घालायची, मडक्यात गोवऱ्या नि नारळाची सोडणं धुमसत ठेवायची आणि दाराला ओलं गोणपाट लावून धुरी कोंडायची. धुरी कमी पडली तर केळी कच्ची राहतात, जास्त झाली तर आतून शिजल्यासारखी होतात. मधे मधे आत जाऊन घडाला हात लावून बघावं लागतं, मडकं हलवावं लागतं. हे ह्यांना जमायचं. सासऱ्यांनंतर आमच्या आळीत एवढं कुणालाच जमलं नाही. दिवाळी झाली की पापडी गावातली नणंद निरोप धाडायची, सुकेळी झाली का. नातेवाइकांत कुणाकडे लग्न असो की बारसं, आमच्याकडून सुकेळीचा पुडा जायचा, आणि घरचे लोक तो आधी उघडायचे.

डॉक्टरांनी धूर नको म्हटल्यावर मी पहिला प्रश्न धुरीचाच काढला. हे म्हणाले, यंदा धुरी नाही, नुसत्या पेंढ्यात घालून पिकवतो. मी म्हटलं, जमेल? म्हणाले, बघू. आणि जमलं की. घड असे एकसारखे पिवळे होऊन यायचे की मी सोलताना कौतुक करायचे. अहो, म्हटलं, उगाच इतकी वर्षं धूर खाल्लात, पेंढ्यातही काय सुंदर पिकतात. ते काही बोलायचे नाहीत. वय झालं की कौतुकाची लाज वाटते माणसाला, असं मला वाटलं.

डबी लावल्यावर सुरुवातीला दिवा हिरवाच होता. मी मुलाला फोन करून ऐकवायची संधी सोडत नव्हते. मग एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. "आई, वाडीत काय जाळताय?" काही नाही, म्हटलं. मी तर आत्ताच भजनाहून आले. पडवीत जाऊन बघितलं तर दिवा पिवळा. म्हणाला, तासाभरापूर्वी लाल होता. गाड्यांचा वायू नाही, कार्बन मोनॉक्साइड आहे, काहीतरी धुमसतंय.

मग हे वरचेवर व्हायला लागलं. सकाळी हिरवा, दुपारी हिरवा, संध्याकाळकडे लाल. माणिकपूरच्या गॅलरीतली डबी मात्र पिवळ्याच्या पुढे जायची नाही. मुलगा काही टोमणे मारायचा नाही, नुसता आकडा सांगायचा. आणि इकडे ह्यांची धाप वाढत चालली होती. जेवताना दोन घासांच्या मधे थांबायचे. मला तो लाल दिवा आणि ती धाप एकत्र दिसायला लागली. एक मन म्हणायचं, मुलाचं ऐक, नवऱ्याच्या श्वासापेक्षा वाडी मोठी आहे का. दुसरं म्हणायचं, वाडीच्या हवेने आजवर कुणाचं वाईट केलेलं नाही, ह्यात कुठेतरी पाणी मुरतंय.

माझ्या संशयाला मग पाय फुटले. आमच्या फाटकाशी एक मोटार येऊन थांबायची. आतला माणूस काच खाली करून ह्यांना विचारायचा, "काका, कधी विचार केलात का?" वाडी विकण्याचा विचार, दुसरा कसला. त्याला ह्यांनी कधी उत्तर दिलं नाही, पण तो यायचा थांबला नव्हता. आणि इकडे मुलगा म्हणतो वाडीची हवा खराब. मी हे दोन धागे जोडले. कसे जोडले ते आता सांगतानाही मला कसंतरी होतं, पण त्या वेळी मी पोटच्या पोराकडे त्या नजरेने बघायला लागले. आकडे तर त्याच्याच मोबाइलवर येतात. तो सांगेल तो आकडा.

मी त्याला फोनवर सरळ म्हटलं, "तुझी गॅलरीतली डबी इकडे आण. दोन्ही एका खिळ्याला टांगू. मला बघायचंय दोघी एकच बोलतात का."

तो म्हणाला, "आई, तू माझ्यावर संशय घेतेयस का?"

"मी डबीवर घेतेय," मी म्हटलं. त्याला कळायचं ते कळलं.

तरी आला. म्हणाला, नवीन डब्या आधी अशाच शेजारी शेजारी लावून जुळवून घ्यायच्या असतात, ते मी केलं नव्हतं, तू सांगितलंस ते बरोबरच आहे. त्याने दोन्ही डब्या पडवीत एकमेकींना खेटून टांगल्या. त्या संध्याकाळी मी भजनाला नि तो बाजारात जाऊन आलो, तर दोन्ही लाल झालेल्या. आकड्यांत उन्नीस-बीस, बाकी एकच. मुलगा समोर बसला होता, मोबाइल त्याने माझ्याच हातात दिला होता. मला त्याच्याकडे बघवेना. चहा ठेवते म्हणून उठले आणि आत जाऊन डोळ्यांना पदर लावला. डबी खोटी नव्हती, मुलगा खोटा नव्हता. मग आता वाडी खोटी म्हणायची?

चहा घेताना तो मोबाइलवर मागचे आकडे बघत होता. म्हणाला, "गंमत बघ आई. तू भजनाला जात नाहीस त्या दिवशी हवा स्वच्छ असते."

"म्हणजे काय, मी बाहेर पडले की हवा बिघडते?"

"मी फक्त आकडे सांगतोय."

हे ऐकून मात्र माझं डोकं चाललं. मी घरी असले की काही होत नाही, बाहेर पडले की होतं. म्हणजे कुणीतरी माझा डोळा चुकवून करतंय. आणि दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. पश्चिमेला काय, तर इमारतीचा तो रिकामा प्लॉट, भिंतीपलीकडे सिमेंटच्या पिशव्या, प्लॅस्टिकचे ढीग आणि एक वॉचमन. मी आमच्या ह्यांना म्हटलं, सापडला. हे म्हणाले, "कशाला उगाच गरिबाच्या मागे लागतेस. जाऊ दे." मी म्हटलं, तुमच्या छातीशी खेळतोय तो, आणि जाऊ दे काय? ते उठून वाडीत गेले.

दुसऱ्या दिवशी भिंतीशी स्टूल ठेवून मी वॉचमनला हाक मारली आणि काय काय बोलले. प्लॅस्टिक जाळतोस, माझ्या नवऱ्याला दमा आहे, पोलिसांत देईन. माझं हिंदी रागात आणखी बिघडतं. तो बिचारा भिंतीजवळ येऊन वर बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, माताजी, मी काही जाळत नाही, मी शेगडीवर स्वयंपाक करतो, गॅसच्या. या, बघा. मी म्हटलं, बघते बघते, तुला कळणार पण नाही कधी बघते ते. तो म्हणाला, "धुआँ तो आपकी तरफ से आता है." ह्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. उलटा चोर, असं म्हणत स्टुलावरून उतरले.

मुलाने दुसरी डबी माझ्याकडेच ठेवली होती, मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालायची ती. पुढच्या भजनाच्या दिवशी मी नेहमीसारखी साडी बदलली, झांजांची पिशवी घेतली, ह्यांना येते म्हणून सांगितलं. हे खुर्चीत पेपर वाचत होते. "सावकाश ये," म्हणाले. मी देवळापर्यंत गेले, पिशवी मैत्रिणीच्या हातात दिली आणि मागच्या गल्लीने वळून प्लॉटच्या बाजूने आले. उन्हं अजून वर होती. डबी हातात धरलेली, दिवा हिरवा.

वॉचमन दाराशी खुर्ची टाकून मोबाइलवर काहीतरी बघत होता. त्याच्याकडे काही पेटलेलं नव्हतं. ढीग तसेच पडलेले. मी त्या भिंतीच्या कडेकडेने चालले, डबी पुढे धरून, देवळात आरती फिरवतात तशी. तोही उठून माझ्याकडे बघायला लागला. हिरवा, हिरवा. आमच्या कुंपणाला मागून एक वाट आहे, तिथून मी वाडीत शिरले. दिवा पिवळा झाला. मी थांबले. परत दोन पावलं मागे गेले, हिरवा. पुढे आले, पिवळा. केळीच्या दोन ओळी ओलांडल्या आणि तो लाल झाला. समोर आमची खोली होती. दाराला ओलं गोणपाट लावलेलं, आणि त्याच्या खालून धुराची बारीक रेघ जमिनीलगत येत होती.

मला वास आला नाही. एवढ्या जवळ उभी राहून मला काहीही आलं नाही.

गोणपाट ओढलं तर हे आत. उकिडवे बसून मडक्यातली सोडणं काठीने वर-खाली करत होते. तोंडाला पंचा बांधलेला. मला बघून उठायला गेले आणि उठता येईना. मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. ओठ निळसर झाले होते. खोकला असा की मधे श्वासच दिसेना. केळीच्या बुंध्याला टेकवून बसवलं, पाठ चोळत राहिले, आणि बावखलातून बादली भरून आणून मडक्यावर ओतली. सगळी केळी भिजली. भिजू देत.

श्वास जरा ठिकाणावर आल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"पेंढा?"

"राजेळी पेंढ्यात पिकत नाही गं. पेंढ्यात ती नासते."

म्हणून हे रोज स्वतःचा धुरकट शर्ट स्वतः बादलीत भिजवत होते, माझं काम हलकं करतात म्हणून मी भजनाच्या बायकांना सांगत होते. सगळ्या दुनियेवर मी संशय घेतला. पोटच्या पोरावर घेतला, भिंतीपलीकडच्या माणसाला शिव्या दिल्या. एक हाच माणूस त्यातून राहिला होता.

"मी तुमचं कौतुक करत होते," मी म्हटलं.

"म्हणूनच मग सांगता येईना." मग पंचा सोडत म्हणाले, "डबी आली तेव्हाच मला कळलं, ही मला पकडणार. म्हणून म्हटलं फाटकाशी लाव. सुरुवातीला काही दिवस धुरीही घातली नाही."

मला राग आवरेना. "आत मेला असतात तर मला वाससुद्धा आला नसता. कळतंय का तुम्हाला?"

"मरायला कोण गेलं होतं," ते म्हणाले. "सुकेळी करायला गेलो होतो."

मी त्या दिवशी रडले, त्यांच्यासमोर, वाडीत बसून. त्यांनी माझ्या हातातली डबी काढून घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि बाजूला गवतावर ठेवली.

मुलाला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल, आता चला म्हणेल. तो आला, बापाशेजारी बसला, कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत काय करतो ते शांतपणे समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे वाडीची हवा चांगलीच आहे, आई. तू म्हणत होतीस तेच. धुरी बंद, बाकी तुम्ही इथेच राहा. मी शब्द दिलाय." मी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. वॉचमनकडे जाऊन जे म्हणायचं ते म्हटलं. तो म्हणाला, कोई बात नहीं, माताजी. त्याला मी नारळ दिले.

दिवा हिरवा झाला तो हिरवाच राहिला. ह्यांची धाप खरंच कमी झाली. बावखलापर्यंत न टेकता जायला लागले, जेवण नीट व्हायला लागलं. मी जिंकले होते. भजनाच्या बायकांना मी डबीचं एवढं वर्णन केलं की दोघी-तिघी बघायला येऊन गेल्या.

त्यांनी एक घड खरोखरच पेंढ्यात घालून बघितला, पडवीत, माझ्या डोळ्यांसमोर. अर्धी केळी दगड राहिली, अर्धी काळी पडली. त्यातली बरी निवडून मी सोलली, उन्हात घातली, रोज उलटली. झाल्यावर एक त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी तुकडा तोडला, चावला, बराच वेळ तोंडात घोळवला. उरलेली परत ताटलीत ठेवली आणि म्हणाले, "पापडीला पाठवू नकोस."

त्यानंतर त्यांचं वाडीत जाणं कमी होत गेलं. आधी मला वाटलं, विश्रांती घेतायत, चांगलं आहे. केळफुलं काढायची राहिली. एक घड झाडावरच पिकला, वटवाघळांनी तो अर्धा खाल्ला, तरी हे उठले नाहीत. मी म्हटलं, अहो, तेवढा काढा तरी. म्हणाले, काढून काय करायचा? दिवसभर पडवीत बसायचे, डबीच्या खाली. श्वास अगदी नीट चालायचा, मी मुद्दाम जवळ बसून ऐकायचे.

एका सकाळी मी गजरे ओवत होते. हे आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "मुलाला फोन लाव. म्हणावं, येतो आम्ही तिकडे राहायला."

मी सुई खाली ठेवली. "अहो, पण आता कशाला? हवा चांगली आहे. त्यानेच सांगितलंय."

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण तिच्यात मी करू काय?"

मी वाडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांची छाती शांतपणे वर-खाली होत होती. मला वाटलं भांडावं, किल्ली काढून समोर फेकावी, म्हणावं जा, घ्या धुरी. ते मी करू शकत नव्हते हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून ते मागतही नव्हते.

मी फोन लावला. मुलाने तो लगेच उचलला, आणि मी काही बोलायच्या आत आनंदाने सांगायला लागला, "आई, आत्ताच बघत होतो, आज पण हिरवं आहे बघ. काल, परवा, सगळं हिरवं." तो एकेक आकडा वाचत सुटला होता, आणि त्याला मधेच थांबवणं माझ्या जिवावर आलं.